दहा मिनिटांनी कुणाचं काय बुडतं?

संभाजीनगरच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "जाम म्हणजे शहर वाढल्याची खूण. कोट्यवधींचं नुकसान मुंबई-बंगळुरूचं. आपल्याकडं दहा-वीस मिनिटं गेली तर कुणाचं काय बुडतं? दोन पूल अजून बांधा, हातगाड्या हटवा, विषय संपला."

कुणाचं बुडतं ते आधी पाहू. सिडको-हडको वसाहतींतून वाळूजच्या कारखान्यांकडं जाणारी कंपनीची बस धरा. समजा चाळीस माणसं, जाता-येता वीस-वीस मिनिटं जादा. बसभर मिळून १,६०० मिनिटं झाली, म्हणजे आठ तासांच्या तीन पाळ्यांहून जास्त. तेही एका बसचे, रोजचे. कंपनीच्या हिशेबात यातला छदामही दिसत नाही, कारण प्रवासाचा वेळ पगारात धरलेला नसतो. सकाळच्या पाळीचा माणूस तो झोपेतून काढतो. शेअर रिक्षावाल्याची एक खेप बुडाली तरी मालकाचं भाडं तेवढंच राहतं; कमी होतं ते घरी नेण्याचं. वहीत नोंद नाही म्हणून नुकसान नाही, हा कुठला हिशेब?

कोटींच्या आकड्यांवर कुणी संशय घेतला, तर तो मात्र मला मान्य आहे. बंगळुरूचं नुकसान वर्षाला १९,७२५ कोटी रुपये, असा एका अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये गाजला. अडकलेल्या तासांना असा भाव लावणं सैलच. पण अंदाज सैल असला म्हणून नुकसान शून्य होत नाही. आणि त्याच अभ्यासात म्हटलं होतं की शहरात ६० उड्डाणपूल असूनही ही गत आहे.

आपल्याकडं वेगळं काय आहे? जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे पूल झाले. तरी संध्याकाळी त्याच रस्त्यावरच्या अमरप्रीत किंवा आकाशवाणी चौकात उभं राहून पाहा. पूल एक चौक टाळून देतो आणि तीच गर्दी पुढच्या चौकात एकदम ओततो.

हातगाड्यांचं म्हणाल, तर रस्त्याकडेला लावलेली एक कार दोन-तीन हातगाड्यांची जागा अडवते. तिला कुणी अतिक्रमण म्हणत नाही!

राहिली ती शहर 'वाढल्याची खूण'. जानेवारी २०१९ पासून स्मार्ट सिटी बस धावते, पण तीही याच गर्दीत अडकते. बसची खात्री नाही म्हणून माणूस हप्त्यानं दुचाकी घेतो आणि गर्दीत आणखी एक गाडी येते. तो हप्ताही जामच्याच खर्चात धरा.