पाणी गेलं म्हणू नये

परवा मंगळवारी सकाळी सात दहाला डोक्याला शाम्पू चोपडून शॉवर फिरवला तर त्यातून नुसता एक उसासा बाहेर आला. बादलीत तळाला तांब्याभर पाणी होतं ते डोळ्यांवर मारलं, आतूनच बायकोवर ओरडलो (त्यावर पुढे येतो), डोक्याला टॉवेल गुंडाळला, हाफ पँट चढवली आणि अकरा मजले उतरून पंपाच्या खोलीशी गेलो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

वॉचमन फोनवर होता. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बी विंगचे काका पेपर वाचत बसलेले. हे आमच्या कमिटीत आहेत, आणि जानेवारीत कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्यापासून सोसायटीची भाषा सुधारतायत. नोटीस बोर्डावर 'थकबाकीदार' होतं तिथे आता 'लवकरच भरणारे सदस्य' आहे. गेल्या महिन्यात लिफ्ट चार दिवस बंद होती तेव्हा दारावर कागद होता, 'लिफ्ट विश्रांती घेत आहे'. घेऊ दे ना बिचारी, आम्ही अकराव्यावर गॅसचा सिलिंडर हसतमुखाने नेतो.

"काका, पाणी गेलं का?"

काकांनी पेपरची घडी घातली. चष्मा काढला. "गेलं म्हणू नये."

"मग काय म्हणू?"

"येतंय म्हणावं."

मला क्षणभर खरंच बरं वाटलं. "येतंय?"

"येतंय असं म्हणावं."

"पण येतंय का?"

"ते टँकरवाल्याला विचारा. विचारताना मात्र 'का नाही आला' असं विचारू नका. 'किती छान, कधी येताय' असं विचारा."

एव्हाना टॉवेलखालून फेस कानात उतरायला लागला होता. म्हटलं, "काका, डोळे चुरचुरतायत हो."

"स्वच्छ होतायत."

"अहो आठवड्यात तिसऱ्यांदा आहे हा त्रास."

"अनुभव म्हणा. हे बघा, मेंदूला 'नाही' हा शब्दच कळत नाही. तुम्ही म्हणता 'पाणी नाही', मेंदू ऐकतो 'पाणी'."

"मग चांगलंच आहे की. निदान मेंदूला तरी पाणी मिळतंय."

"तेच तर सांगतोय मी!" काका इतके खूश झाले की त्यांनी वॉचमनला फोन ठेवायला लावून हे वाक्य पुन्हा ऐकवलं. मी मनात मोजत होतो, तोपर्यंत काकांचे स्वतःचे 'नये', 'नको' आणि 'नाही' मिळून नऊ झाले होते. पण फेसाळ डोक्याने वाद जिंकता येत नाही, समोरचा तुमच्या डोक्याकडेच बघत बोलतो.

आता मी काही शब्दांना किंमत न देणारा माणूस नाही, उलट ठाणेकर आहे. अख्खा महाराष्ट्र कुणी जरा वेडंवाकडं वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतो, आणि आम्ही आधीच तिथे असतो. पुण्याच्या लग्नात ओळख करून दिली की 'सुट्टीवर सोडलंय का?' हा प्रश्न ठरलेला, विचारणाऱ्याला तो दर वेळी आत्ताच सुचलेला असतो. मनोरुग्णांचं ते हॉस्पिटल १९०१ पासून आहे. त्या काळच्या, १९१२ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच 'ल्युनसी', म्हणजे वेडेपणा, होतं, १९८७ साली ते नाव गेलं, मग २०१७ चा नवा कायदा आला, पाटीवर 'मनोरुग्णालय' झालं. तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या घरच्या माणसांना ह्या बदलाने किती फरक पडत असेल ते मला कळतं. पुण्याच्या मेव्हण्याला अजून कळलेलं नाही.

आणि शब्द जपणं हे शिबिरात कशाला शिकायला पाहिजे? नौपाड्यात आमच्या आजीकडे दुसरं काय होतं? 'जातो' म्हटलं की परत उंबऱ्याच्या आत बोलवून 'येतो' म्हणायला लावायची. नारळ फुटायचा नाही, वाढवला जायचा. बांगडीसुद्धा वाढायची. डब्यातले तांदूळ संपले असं म्हणायची टाप नव्हती, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, म्हणून 'तांदूळ वाढले'. पण 'वाढले' म्हटल्यावर पुढच्या मिनिटाला माझ्या हातात पिशवी आणि पैसे असायचे आणि मी वाण्याच्या दुकानात असायचो. आजी 'वाढले, वाढले' म्हणत पेपर वाचत बसली नव्हती हो.

माझा राग तिथे आहे. फ्लॅट घेताना २४ तास पाणी, मग पेपरात 'कमी दाबाने पुरवठा', म्हणजे नळाला कान लावला तर समुद्र ऐकू येतो, आणि आता 'येतंय म्हणावं'. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात ते मात्र जुन्याच भाषेत, स्वच्छ आकड्यात. त्याला कुणी प्रेमाचं नाव दिलेलं नाही.

बायकोचं राहिलं. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांची बोलणी तपासून असं काढलंय की टिकणाऱ्या संसारात भांडतानासुद्धा एका वाकड्या गोष्टीमागे पाच सरळ असतात. हे हिने महिन्याभरापूर्वी वाचलं आणि तेव्हापासून आमच्याकडे वही नसलेलं खातं चालू आहे. त्या दिवशी बाथरूममधून मी ओरडलो होतो, 'तुला एक पिंप भरून ठेवता येत नाही?' झाली वजा एक. संध्याकाळी भरपाई. "पोहे मस्त झालेत. शेंगदाणे मस्त. लिंबू छान." "चौथं?" "कोथिंबीर." "पाचवं?" "बशी चांगली आहे गं." बशी माझ्या आईने दिलेली, त्यामुळे धरली नाही.

तर काका. शेवटी त्यांना माझी दया आली असावी, म्हणाले चला घरी. पहिला मजला. बाथरूममध्ये आणि पॅसेजमध्ये मिळून पाच पिंपं, काठोकाठ, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: धन्यवाद, प्रेम, समृद्धी, शांती, आनंद. जपानमध्ये म्हणे एका गृहस्थांनी पाण्याशी गोड बोलून त्याचे स्फटिक सुंदर होतात असा दावा केलाय. असेल. मला स्फटिक दिसत नव्हते, पिंपं दिसत होती.

"काका, एवढं कधी भरलंत?"

"काल रात्री. टँकरवाल्याचा फोन आला होता ना, उद्या गाडी नाही म्हणून."

"मग ग्रुपवर का नाही टाकलंत?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "मी नकारात्मक मेसेज टाकत नाही."

ह्यावर काय बोलणार! त्यांनी 'शांती'मधून एक बादली भरून दिली, निळी, तिच्यावरही चिठ्ठी होती, 'क्षमा'. ती हिंदकळत अकराव्यावर नेली. लिफ्टमध्ये शाळेची तीन पोरं होती, त्यांनी आधी डोकं वाचलं, मग बादली वाचली.

बादली अजून आमच्याकडेच आहे. मुद्दाम नाही, म्हणजे थोडी मुद्दाम. काल काका लिफ्टमध्ये भेटले. बादली द्या असं म्हणाले नाहीत, वर आकड्यांकडे बघत म्हणाले, "बादली येतेय."

मी म्हटलं, "हो काका, येतेय."