इब्लिस आता कोणाचा?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून आमच्या परभणीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर भाषाशुद्धीला ऊत आलाय. परवा एक यादी आली : मराठीतून हद्दपार करायचे अरबी-फारसी शब्द आणि त्यांचे शुद्ध पर्याय. (‘यादी’ही फारसीच, पण ते असो.) दुकान, हवा, वजन इथवर गंमत वाटली. ‘इब्लिस’पुढे ‘खोडकर’ दिसलं आणि राहवलं नाही.

खोडकर पोरगं वासराचं दावं सोडतं आणि मार खातं. इब्लिस पोरगं दावं सोडतं, वासराला पोटभर पिऊ देतं आणि मग ‘माय, वासरू पितंय गं!’ म्हणत स्वतःच बोंबलत येतं. शाबासकी त्याला, बोलणी सालगड्याला. दुसऱ्या दिवशी खरं कळलं की आजी म्हणते, ‘लई इब्लिस हाय हे बेणं.’ त्या शिवीत निम्मं कौतुक असतं. दोन्ही पॅनलची मटणं खाऊन तिसऱ्याला निवडून आणणाऱ्यालाही गावात हेच विशेषण लागतं. त्याला खोडकर म्हणून बघा.

मूळ शब्द मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुराणातला इब्लिस, म्हणजे सैतान, आदमपुढे झुकायला नकार देतो : मी आगीपासून घडलो, हा मातीपासून, मी का वाकू? इथे शारजात माझ्या सुदानी सहकाऱ्यासमोर मी माझ्या मुलाला इब्लिस म्हणालो, तर सहकाऱ्याचा चेहरा पडला. पोटच्या पोराला असं कोण म्हणतं? वासरू, दावं, दूध सगळं सांगावं लागलं, तेव्हा कुठे हसला.

शब्द परत करायचाच, तर कोणाला? अरबी कोशकार तो निराशेच्या धातूपासून काढतात, तर बरेच पाश्चात्त्य अभ्यासक त्याचं मूळ ग्रीक ‘दियाबोलोस’मध्ये शोधतात. आणि इथल्या अरबांनी तरी कुठे सोवळं पाळलंय? टपरीवर ‘करक’ मिळतो, तो आपला कडक चहा. सरळ जा म्हणायला ‘सीदा’, पंख्याला ‘बंका’. याच शारजाने अरबीचा ऐतिहासिक कोश १२७ खंडांत काढला. भाषेवर एवढा जीव, पण करकवर बंदी नाही.

यादी करणाऱ्यांचा राग उगाच नाही, हेही खरं. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली. दरबारी कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठी शिकायला तेव्हा झगडावं लागलं. सावरकरांचे दिनांक, महापौर मीही बिनतक्रार वापरतो, कारण ते चांगले बेतलेले शब्द आहेत. पण सक्ती केली सरकारने आणि शिक्षा आजीच्या तोंडच्या शब्दाला, हे कुठल्या न्यायाचं?

बरं, त्या लांबलचक यादीत इंग्रजी शब्द एकही नाही. परवा व्हिडिओ कॉलवर चुलतभावाच्या पोराने आजोबांचा चष्मा उशीखाली दडवला आणि वर त्यांच्यासोबत शोधायलाही लागला. त्याची आई कौतुकाने म्हणाली, ‘सो नॉटी!’