माल कुठे पडलाय आणि माल कोणाचा: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया झणझणीत आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. मेंदूतल्या डोपामिन रिसेप्टरांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की रिसेप्टर (पेशीवर बसून डोपामिनसारखं रसायन ओळखणारा रेणू) हे प्रोटीन, ते अँटीबॉडीने (ठरावीक प्रोटीनला चिकटणाऱ्या रेणूने) थेट रंगवून दाखवता येतं, मग मी एमआरएनए शोधायच्या पद्धतीचं एवढं कौतुक का केलं, एमआरएनए म्हणजे जीनवरून निघालेली, प्रोटीन बनवायची नुसती ऑर्डर, माल नव्हे. कबूल. पण "माल कुठे पडलाय" हा माझा प्रश्नच नव्हता हो, "माल कोणाचा", म्हणजे तो कोणत्या पेशीने बनवला, हा होता.

मेंदूतली सब्स्टॅन्शिया नायग्रा ही जागाच घ्या. तिच्या रेटिक्युलाटा भागात डी१ हा डोपामिनचा एक रिसेप्टर भरपूर, रेडिओॲक्टिव्ह औषध चिकटवून फिल्मवर घेतलं की तो भाग चांगला गडद उमटतो आणि बघणारा सहज म्हणून जातो की तिथल्या पेशींवर डी१ आहे. पण त्याच पेशींत डी१चा एमआरएनए शोधा, जवळजवळ काहीच नाही! कारण ते रिसेप्टर आलेत स्ट्रायटम या मेंदूच्या दुसऱ्या भागातल्या पेशींकडून, त्यांचे लांबलचक ॲक्सॉन (पेशीतून निघणारे तंतू) इथवर येतात आणि रिसेप्टर त्यांच्या टोकांवर असतात. उंदराच्या स्ट्रायटममधल्या पेशी मारल्या की इकडे नायग्रातला गडदपणा उतरतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टोक दिसतं हे मान्य, पण ते कुठून आलंय हे काय त्याच्यावर लिहिलेलं असतं?

आणि अँटीबॉडी "थेट" दाखवते म्हणता, तर ज्या उंदरात तो जीनच काढून टाकलाय त्याच्यावर ती आधी लावून बघायची. तिथेही रंग आला तर ती भलत्यालाच चिकटतेय. या जातीच्या रिसेप्टरांच्या कितीतरी अँटीबॉडी इथेच आपटतात.

आता माझी चूक. स्ट्रायटममध्ये डी२ हा डोपामिनचा दुसरा रिसेप्टरही असतो. "डी१ एका पेशीवर, डी२ दुसऱ्या" असं मी सरळ ठोकून दिलं होतं. १९९० मध्ये गर्फेन वगैरे संशोधकांनी दाखवलं ते साधारण तसंच, सबस्टन्स पी हे रसायन बनवणाऱ्या पेशींत डी१ आणि एन्केफॅलिन हे दुसरं रसायन बनवणाऱ्यांत डी२, पण नंतर एकेक पेशी काढून तपासल्यावर काहींत दोन्ही सापडले आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालला. पुढे डी१ आणि डी२ पेशी वेगवेगळ्या रंगांत चमकणारे उंदीर आले तेव्हा चित्र बरंचसं स्पष्ट झालं, बहुतेक पेशी वेगळ्याच, थोड्या दोन्हीवाल्या. शिवाय डी२ ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडणाऱ्या इंटरन्यूरॉनवर (आसपासच्याच पेशींशी जोडलेल्या पेशींवर) असतो, खुद्द डोपामिन सोडणाऱ्या टोकांवरही असतो, आणि हे मी चक्क गाळलं होतं. या शेवटच्या बाबतीत तुमचा मुद्दा पक्का लागू पडतो कारण डोपामिनच्या पेशी नायग्रात असतात, म्हणजे तो एमआरएनए खाली नायग्रात आणि रिसेप्टर वर स्ट्रायटममध्ये, नुसता एमआरएनए बघणारा इथे फसणार.

लेखातलं डी१-डी२चं ते वाक्य आत्ताच बदललंय. त्यातला अँटीबॉडीचा परिच्छेद मात्र आहे तसाच ठेवतोय.