फुसक्या काडतुसाचा सल्ला दिला कोणी?

मंगळवारी रात्री साडेनऊला काकांचा फोन. "गो बाय, ह्यां वाचलंस? आता ती फुसकी काडतुसां फुकट जावची नाय." कलमाला पहिला मोहोर दिसल्यावर माणूस जसा बोलतो, तसा आवाज.

काका कुडाळजवळच्या आमच्या मूळ घरी एकटेच असतात. भात, थोडी काजू, आणि रानडुकरांपायी आजोबांच्या काळापासून घरात असलेली एकनळी बारा बोअर, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. "ह्यां" म्हणजे आमच्या भावकीच्या ग्रुपवर माझ्या चुलतभावाने ढकललेला मेसेज: 'बंदूकधारकांनो सावधान!' त्यात पाच मुद्दे होते. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला तर नळीला तडे जातात. एकदा जरी रिकामा घोडा पाडला तरी काडतुसावर आपटणारी पिन तुटते. स्प्रिंग 'मरते'. सैन्यात रिकामा चाप ओढणाऱ्याला शिक्षा होते. आणि शेवटी 'जुन्या शिकाऱ्यांचा उपाय': न फुटलेलं जुनं काडतूस नळीत घालून घोडा पाडावा, त्याची टोपी गेलेली असल्याने धोका नाही आणि पिनेला गादी मिळते.

पाचवा मुद्दा वाचून मी काकांना आधी एकच विचारलं, बंदूक आत्ता कुठे आहे? पडवीत, मांडीवर. काडतूस? डब्यातून काढून ठेवलेलं. नळीत अजून गेलं नव्हतं. पडवीच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकींचं स्वयंपाकघर आहे. इतर मुद्द्यांवर मी कदाचित हसून गप्प बसले असते. या मुद्द्यावर बसणार नाही.

न फुटलेल्या काडतुसाची टोपी 'गेलेली' असते, हे कुणी ठरवलं? काडतुसाच्या बुडाला मध्यभागी पितळी टोपी असते. पिन तिच्यावर आदळली की आतलं मिश्रण चिरडलं जातं, ठिणगी पडते, दारू पेटते. बार न उडण्याची कारणं अनेक. स्प्रिंग ढिली असेल, पिनेच्या वाटेत गंज किंवा घट्ट झालेलं तेल असेल, काडतूस नीट बसलं नसेल, ओल लागली असेल. यातल्या पहिल्या तीन कारणांत टोपी पूर्ण जिवंत असते. तिला फक्त पुरेसा फटका मिळालेला नसतो. म्हणून तर न फुटलेलं काडतूस कधी कधी दुसऱ्या फटक्याला उडतं, हे शिकार केलेला कुठलाही म्हातारा सांगेल. मी काकांना टॉर्च लावून डब्यातल्या चारही काडतुसांचे फोटो पाठवायला सांगितले. पेंडखजुराचा जुना डबा, तळाला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर चार लाल काडतुसं. तिघांच्या टोपीवर खळगा इतका उथळ की नखाने दाबल्यासारखा. म्हणजे दोष काकांच्या बंदुकीचा. निदान ती तीन काडतुसं जिवंत असणार. आणि यातलं एक नळीत घालून पडवीत घोडा पाडा म्हणून हा मेसेज सांगतो.

खोटं काडतूस म्हणून जे वापरायचं असतं, ती वस्तू वेगळीच असते. तिला स्नॅप कॅप म्हणतात. प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, आत दारू नाही, छर्रे नाहीत, टोपीच्या जागी स्प्रिंगवर बसवलेला तुकडा किंवा रबर. पिन त्यावर आदळते आणि हलकेच थांबते. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी हे अर्धवट ऐकलं असणार आणि 'डमी'चं भाषांतर 'फुसकं' असं करून टाकलं असणार. एका शब्दाच्या चुकीत माणूस जाऊ शकतो.

जाता जाता हेही सांगते. बार उडाला नाही तर लगेच बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, बघायची नाही. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधी कधी टोपी पेटते पण दारू उशिरा घेते. हे मला काकांनीच शिकवलं होतं, मी दहावीत असताना. तेच काका आता मोबाईलवरच्या चार ओळींपुढे विसरले.

नळीला तडे हा मुद्दा मात्र शुद्ध करमणूक आहे. नळी फाटते ती दाबाने. बारा बोअरच्या साध्या काडतुसाला युरोपीय मानकात जास्तीत जास्त ७४० बार (इथे बार हे दाबाचं माप) दाबाची मुभा आहे, आणि तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. रिकाम्या नळीत दाब शून्य. तडा कशाने जाईल, घोड्याच्या टक् आवाजाने? कोकणात नळी फाटायचं खरं कारण शोधायचं तर नळीत डोकावून बघा. बंदूक पडवीत खुंटीला टांगलेली असते, गणपती येतात नि जातात, आणि तेवढ्यात कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलेलं असतं. तसाच बार काढला की नळी फुगते नाहीतर फाटते. दुसरं कारण, बारा बोअरच्या नळीत चुकून घातलेलं वीस बोअरचं काडतूस (बोअरचा आकडा मोठा, तितकं काडतूस बारीक). ते घसरून पुढे अडकतं, माणसाला नळी रिकामी दिसते, तो मागून बाराचं भरतो. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याच भीतीने.

पिनेबद्दल मला थोडं मान्य करावं लागतंय. आनंदाने करत नाही. काडतूस असलं की पिनेचा धक्का टोपीच्या मऊ पितळात जिरतो. नसलं की पिन पुढे जाऊन स्वतःच्याच खांद्यावर थांबते. जुन्या दुनळीत, जिची पिन कुठल्या पोलादाची आणि किती वेळा बदललेली हे कुणालाच माहीत नाही, तिथे हजारदा असं केलं तर टोक तुटू शकतं. ठासणीच्या बंदुकीत तर घोडा सरळ निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडीवर, आपटतो, निपलची कड चेपते आणि मग टोपी नीट बसत नाही. ठासणीवाल्यांनी घोड्याखाली चामड्याचा तुकडा ठेवावा. .२२ सारख्या रिमफायरमध्ये दारू पेटवणारं मिश्रण काडतुसाच्या कडेत असतं, पिनही कडेवरच मारते, त्यामुळे चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं असेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे ओरखडा पडतो. स्प्रिंगवाल्या एअरगनला तर छर्र्याशिवाय चालवूच नये, कारण पिस्टनला अडवायला हवेची गादीच राहत नाही. एवढं खरं. 'एकदा जरी' मात्र खोटं.

आजच्या सेंटरफायर, म्हणजे मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या, शस्त्रांबद्दल वाद घालायचाच असेल तर ग्लॉक पिस्तुलाची माहितीपुस्तिका उघडा. साफ करायला पिस्तूल सुटं करायची रीत त्यात दिली आहे: मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, सुरक्षित दिशेला धरा आणि ट्रिगर ओढा. तो ओढल्याशिवाय स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, निघतच नाही. म्हणजे प्रत्येक साफसफाईला एक रिकामा चाप, आणि तोही बनवणाऱ्याच्या सांगण्यावरून. रुगर कंपनीची १०/२२ तर रिमफायर, तरी तिलाही कंपनी रिकामं चालवायची मोकळीक देते, कारण तिची पिन कडेपर्यंत पोचतच नाही. कारखाना स्वतः परवानगी देतो तिथे भावकीच्या ग्रुपचं ऐकायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

सैन्यात शिक्षा होते म्हणे. मी कॉलेजात एनसीसीत होते. फायरिंग संपलं की 'खाली कर'चा हुकूम व्हायचा. बोल्ट मागे, चेंबर तपासलं, बोल्ट पुढे, आणि शेवटी रिकामा ट्रिगर दाबून टक् आवाज ऐकवायचा. ज्याचा टक् आला नाही त्याच्या मागे हवालदार उभा राहायचा. शिक्षा झाली असेल तर ट्रिगर न दाबण्याची.

नेमबाजांचं तर अर्धं आयुष्य कोऱ्या सरावात जातं. काडतूस नाही, फक्त श्वास, नजर आणि ट्रिगर. फोंडा घाट चढून गेलं की राधानगरी तालुका लागतो. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. तो प्रकार .२२ रिमफायरचाच. अशा रायफलींसाठी कोऱ्या सरावाची वेगळी पिन मिळते, नेमबाज ती बसवतात आणि सराव करतात. ती सोय केली की रिकामा सराव त्या खेळात रोजचाच.

स्प्रिंगचं एका वाक्यात: चांगली स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते, आणि तिचं भलं करायचंच असेल तर खरी स्नॅप कॅप घालून घोडा उतरवून ठेवावा.

आपल्याकडे पिन खरी खराब होते ती खाऱ्या हवेने. त्यात आमच्याकडची सवय म्हणजे खोबरेल चोपडायचं. थंडीत ते थिजतं, नंतर चिकट होतं, पिनेच्या वाटेत धूळ धरतं, पिन अर्ध्यावर अडखळते, आणि काडतुसावर नखाएवढा खळगा पडतो. पिन उलट पुढेच अडकून राहिली तर आणखी वाईट, बंदूक मिटतानाच बार. वर पावसाळाभर चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं लोखंड. काकांना विचारलं, पिन शेवटची कधी काढून साफ केलीत? बराच वेळ शांतता. मग, "तुझो आजो होतो तेव्हा."

कोऱ्या चापात खरा धोका असेल तर तो 'रिकामी' या शब्दात आहे. रिकामी समजलेल्या बंदुकीनेच माणसं गेली आहेत. काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी मोडून डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली, तोंड अशा दिशेला जिथे कुणी नाही. मेसेजच्या पाच मुद्द्यांत यातलं एक अक्षर नाही.

चुलतभावाला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर: 'मला आलं तसं पुढे पाठवलं.' काका मात्र ऐकतात. "मगे ह्यां लिवल्यान कोणी?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि चारही काडतुसं परत डब्यात गेली. डब्यावर आता त्यांच्या हस्ताक्षरात 'जिवंत' अशी चिठ्ठी आहे. ज्या दुकानातून घेतली होती त्या दुकानदाराने सोमवारी डबा आणि बंदूक दोन्ही घेऊन बोलावलंय, परवान्याच्या वहीसकट.