चेकराइडच्या दिवशी 'आज उडणार नाही' म्हणायचा हक्क

फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या चेकराइडमध्ये, म्हणजे लायसन्ससाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, हवामान बघून उडायचं की नाही, हे उमेदवार ठरवतो. परीक्षक ठरवत नाही. अमेरिकेच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, तरी दर उन्हाळ्यात इथे फ्लोरिडात तेच किस्से पुन्हा कानावर येतात. म्हणून आज सविस्तर लिहितेय. पुण्या-नाशिकहून ट्रेनिंगला आलेली, यायच्या तयारीत असलेली बरीच मुलं माझ्या लिस्टमध्ये आहेत. त्यांनी वाचावंच, त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं.

आधी व्यवस्था समजून घ्या. इथल्या बहुतेक चेकराइड डीपीई घेतात. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, अधिकार दिलेले हे खासगी परीक्षक. सरकारी नोकर नव्हेत. फी ते स्वतः ठरवतात, एफएएने त्याला वरची मर्यादा घातलेली नाही. परीक्षक कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे तारखेसाठी कित्येक आठवडे थांबावं लागतं. त्यात पहिल्या सीएफआय, म्हणजे फ्लाइट इन्स्ट्रक्टर, परीक्षेची ओरल (उड्डाणाआधीची तोंडी परीक्षा) सगळ्यात लांब. सकाळी बसलेला उमेदवार दुपारीच बाहेर येतो. आणि जून ते सप्टेंबर फ्लोरिडातली दुपार म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवरून आत शिरणारे समुद्री वारे, मध्यावर त्यांची गाठ आणि तासाभरात उभे राहिलेले गडगडाटी ढग. परीक्षेचं वेळापत्रकच उमेदवाराला दिवसातल्या सगळ्यात वाईट हवेत नेऊन सोडतं. काही परीक्षक ओरल एका दिवशी आणि उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवतात. उन्हाळ्यात सगळ्यांनीच असं करावं, असं माझं ठाम मत आहे.

आता नियम. कलम ६१.४७ सांगतं की परीक्षक चाचणी घेण्यापुरता एफएएचा प्रतिनिधी आहे. आधी तसं ठरलेलं नसेल तर तो पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख पायलट, नसतो. म्हणजे कमांड उमेदवाराकडे. आणि कलम ९१.३ म्हणतं की विमानाची थेट जबाबदारी आणि अंतिम अधिकार पायलट इन कमांडचा. शेजारी दहा हजार तास उडालेला माणूस बसलाय म्हणून हा अधिकार त्याच्याकडे सरकत नाही.

दुसरं कलम ६१.४३. हवामान, विमानातला बिघाड किंवा सुरक्षेची कुठलीही शंका असेल तर परीक्षक किंवा उमेदवार, दोघांपैकी कोणीही चाचणी थांबवू शकतो. हे नापास होणं नाही. लेटर ऑफ डिस्कंटिन्युअन्स, म्हणजे चाचणी मध्येच थांबल्याचं पत्र, मिळतं, आणि ६० दिवसांच्या आत उरलेला भाग पूर्ण केला तर आधी पास झालेल्या भागाचं श्रेय कायम राहतं. किती मुलांना वाटतं की आज उडलो नाही तर ओरल वाया गेली! नाही जात. उलट हट्टाने उडून डिसअप्रूव्हल (नापासाचा शेरा) आलं, तर ते एफएएच्या नोंदीत बसतं आणि एअरलाइनच्या मुलाखतीत पुन्हा समोर येतं.

माझ्याकडे तयारी केलेल्या एका मुलीचं सांगते. मूळची नाशिकची, अभ्यासू, हात चांगला. ओरल उत्तम झाली. दुपारी सीलिंग, म्हणजे ढगांचा तळ, जमिनीपासून अडीच हजार फूट, पश्चिमेला ढग वाढत होते. कायद्याने व्हीएफआर (बाहेर नजरेने बघून करायचं) उड्डाण शक्य होतं. पण तिने गणित मांडलं. ढगाखाली ५०० फूट सोडायचे, म्हणजे जास्तीत जास्त २,००० फूट. स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल मुद्दाम घालवून दाखवायच्या कसरतीतून, बाहेर यायचं ते १,५०० फुटांच्या वर. अ‍ॅक्सिलरेटेड स्टॉल (त्याचाच एक जास्त कडक प्रकार) दाखवायला सांगितला तर तो ३,००० फुटांच्या खाली करायचाच नाही. स्टीप स्पायरलचे, म्हणजे गोल फिरत खाली उतरायचे, तीन पूर्ण फेरे कुठून काढणार? परीक्षा पूर्ण होण्यासारखी हवाच नव्हती. तिने शांतपणे सांगितलं, "मला आज थांबवायचंय." त्यावर परीक्षक म्हणाले, "सकाळपासून तीन जण उडून आले. इन्स्ट्रक्टर व्हायचंय ना तुला?" मग घड्याळाकडे बघून, "मी दोन तास गाडी चालवून आलोय."

ती उडली नाही. संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "ताई, चूक माझी नव्हती हे कळतंय, तरी अपराध्यासारखं वाटतंय." मला त्या वाक्याचा राग आला. तिचा नाही, तिला असं वाटायला लावणाऱ्याचा. ओरलमध्ये याच मुलीला पायलटच्या पाच घातक वृत्ती विचारल्या होत्या. त्यातली 'माचो' वृत्ती, म्हणजे 'मी करून दाखवतो'ची मर्दुमकी, तिने उदाहरणासकट समजावून सांगितली होती. आणि दोन तासांनी तिला त्याच वृत्तीने डिवचलं गेलं.

इथे एक फरक करायला हवा, कारण परीक्षकांची बाजू घेणारे माझे मित्र म्हणतात की उमेदवार दबावाखाली काय करतो हे बघणं हेसुद्धा परीक्षण आहे. मला ते अर्धं पटतं. परीक्षकाने गप्प बसावं. हवा वाईट असताना "बोल, काय करायचं?" एवढंच विचारून चेहऱ्यावर काही न दाखवता थांबावं. उमेदवार निघालाच आणि त्याचा निर्णय धोक्याचा असेल, तर चाचणी तिथेच थांबवून त्याला नापास करावं. यात अन्याय नाही. पण मौन वेगळं आणि ढकलणं वेगळं. परीक्षक एफएएचा प्रतिनिधी म्हणून बसलेला असतो, त्याच्या सहीवर मुलाचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. तो ढकलतो तेव्हा मोजला जातो तो मुलाचा घाबरटपणा, निर्णयक्षमता नव्हे. शिवाय उमेदवार "नाही" म्हणाल्यावरही टोमणे चालू राहिले, तर ते कसलं परीक्षण? उत्तर तर मिळालेलं असतं.

तशीच दुसरी टोकाची गोष्ट, प्रेमापोटी केलेली. काही भले परीक्षक सकाळीच मेसेज करतात, "हवा खराब आहे, येऊ नकोस." हेतू चांगला, पण निर्णय पुन्हा उमेदवाराच्या हातून गेला. त्याऐवजी विचारा, "मेटार, टाफ (विमानतळाच्या हवेचा ताजा अहवाल आणि अंदाज) बघितलंस का? काय वाटतं?"

सीएफआयच्या बाबतीत मी इतकी हळवी का, तेही सांगते. प्रायव्हेट पायलट चुकला तर तो आणि त्याच्याबरोबर बसलेले. इन्स्ट्रक्टर चुकीचं शिकला तर त्याच्या हाताखालून जाणारं प्रत्येक मूल ते घेऊन जातं. एफएएच्या इन्स्ट्रक्टर हँडबुकातच 'लॉ ऑफ प्रायमसी' आहे: पहिल्यांदा शिकलेलं सगळ्यात खोल रुजतं. नव्या इन्स्ट्रक्टरने स्वतःच्या परीक्षेत हवामानापुढे मान तुकवायला शिकावं की परीक्षकापुढे? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये केंटकीत रात्रीच्या ट्रेनिंग फ्लाइटवर एक तरुण इन्स्ट्रक्टर आणि त्याचा अठरा वर्षांचा विद्यार्थी वादळी हवेत शिरले आणि दोघेही गेले. त्या दुर्घटनेचा कुठल्या परीक्षकाशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण मागे फिरायचा निर्णय इन्स्ट्रक्टरनेच घ्यायचा असतो. विद्यार्थी त्याच्यावर विसंबून बसलेला असतो.

आणि आपली मुलं लवकर का वाकतात, हेही बोलायला हवं. कर्ज काढलेलं असतं, व्हिसाची मुदत डोक्यावर असते, रुपयात मोजलं की प्रत्येक जादा आठवडा अंगावर येतो. पुढची तारीख ६० दिवसांत मिळेल की नाही याची धास्ती असते. त्यात घरून रोज फोन: "झाली का परीक्षा?" काका-काकूंनो, तुमची काळजी मी समजू शकते. पण चेकराइडच्या आठवड्यात हा प्रश्न विचारू नका. धोक्यांची यादी करताना मुलांना 'बाहेरचे दबाव' असा एक वेगळा रकानाच शिकवला जातो, आणि त्या रकान्यात बऱ्याचदा घरचा फोन असतो.

परीक्षकांवरही अन्याय नको. रद्द झालेला दिवस म्हणजे त्यांचा बुडालेला धंदा. ओरल घेतली असेल तर तिचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत, प्रवासाचा खर्चही मागावा. पण हवामानामुळे थांबलेल्या उड्डाणासाठी पूर्ण फी पुन्हा मागणं मला मान्य नाही. तसं केलं की सुरक्षित निर्णयाला दंड बसतो.

ज्यांची परीक्षा जवळ आलीय, त्यांनी तारीख ठरवतानाच लेखी विचारा: हवेमुळे थांबलं तर पुढच्या वेळी किती पैसे, आणि ६० दिवसांत तारीख द्याल का? आदल्या संध्याकाळी तुमच्या वैयक्तिक मर्यादा, म्हणजे सीलिंग, दृश्यमानता, क्रॉसविंड, आकड्यांत लिहून परीक्षकांना पाठवा. त्या दिवशी कोणी टोचलं तर वाद घालू नका, तो मेसेज उघडून दाखवा. तरीही टोमणे आलेच तर त्याच रात्री तारीख, वेळ, मेटार आणि बोललेले शब्द लिहून ठेवा आणि आपल्या इन्स्ट्रक्टरला सांगा. डीपीईंवर एफएएच्या स्थानिक कार्यालयाची, एफएसडीओची, देखरेख असते आणि तिथे तक्रार करता येते. पुढे आपलेच विद्यार्थी त्याच परीक्षकाकडे पाठवायचेत या भीतीने आम्ही इन्स्ट्रक्टर गप्प बसतो. त्या मुलीच्या वेळी मी तिच्याबरोबर लेखी तक्रार दिली. कोणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.