कंपनी हिरवी करायची आहे? फार सोपे आहे

आपली कंपनी अजून हिरवी, म्हणजे पर्यावरणस्नेही, झाली नाही म्हणून खट्टू होऊ नका. धुराडे आहे तिथेच राहू द्या, सांडपाण्यालाही त्याची वाट ठाऊक आहे. फक्त वेष्टन खाकी करा आणि कोपऱ्यात एक पान छापा. कोणत्या झाडाचे, हे कुणी विचारत नाही.

एक विघ्न मात्र आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'इको-फ्रेंडली', 'नॅचरल', 'कार्बन न्यूट्रल' (जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढला) म्हणालात तर पुरावा द्या म्हणतात. घाबरू नका, नीट वाचा. पुरावा क्यूआर कोडमागे ठेवलेला चालतो. शाम्पूची पुडी घेताना कोण कोड स्कॅन करत बसतो? ठेवून द्या दोनशे पानी पीडीएफ. शिवाय ही तत्त्वे विशिष्ट वस्तू किंवा सेवेबद्दलच्या दाव्यांपुरती आहेत. 'आमची वाढ शाश्वत तत्त्वांवरच होईल' हे कंपनीचे ध्येय म्हणून भिंतभर रंगवा, तो पर्यावरणीय दावा धरलाच जात नाही. म्हणजे साबणाने खोटे बोलायचे नाही, साबणवाल्याने खुशाल बोलावे!

तरी सापडलातच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत. पुन्हा सापडलात तर ५० लाखांपर्यंत. आयपीएलमध्ये दहा सेकंद झळकायलाही १० लाख पुरत नाहीत. तेव्हा ही रक्कम जाहिरातखर्चातच धरा.

फोक्सवॅगनसारखी मेहनत मात्र घेऊ नका. 'क्लीन डिझेल' म्हणून गाड्या विकायच्या आणि चाचणी सुरू झाली की धूर आवरणारे सॉफ्टवेअर आत बसवायचे, केवढा तो खटाटोप! २०१५ मध्ये बिंग फुटले. इथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सक्तीच्या कारवाईला तूर्त मनाई मिळाली, हे वेगळे. तुम्ही इंजिनाला हात न लावता दूर कुठेतरी झाडे लावल्याचे कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने आवरलेल्या कार्बनचे प्रमाणपत्र, विकत घ्या. युरोपीय संघाने मात्र २०२४ च्या निर्देशाने अशा क्रेडिटांच्या जोरावर वस्तूला 'कार्बन न्यूट्रल' म्हणायलाच बंदी घातली आहे. तिकडच्या मालासाठी वेगळे वेष्टन छापा.

दंड उलाढालीच्या टक्क्यांत घ्या, पुरावा जाहिरातीआधी त्रयस्थाकडून तपासून घ्या, असे आपल्याकडे कुणी सुचवलेच तर विरोध करू नका. 'स्वागतार्ह सूचना, व्यापक चर्चा व्हावी' एवढे म्हणा. मग समिती नेमली जाईल. तिच्यावर उद्योगांचा प्रतिनिधी लागतोच, नाव आजच कळवून ठेवा.