महापालिकेची पुढची निवडणूक 2031ला, मग आत्ता काय करायचं?

"मला प्रभागात काम करायचंय. सुरुवात कुठून करू?" ओंकारनं एवढं विचारायचा अवकाश, पुण्यातल्या सहकारनगरच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच तट पडले.

बापूंचं म्हणणं, आधी पक्ष धर. "चारसदस्यीय प्रभाग आहे. मतदारानं अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. लोकसंख्या ऐंशी-पंच्याऐंशी हजार, तीसुद्धा 2011च्या जनगणनेची. एकटा अपक्ष किती दारं वाजवणार? पॅनेल लागतं, एबी फॉर्म म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद लागतो. त्यासाठी सतरंज्या उचलाव्या लागतात."

"सतरंज्या उचलणारा उचलतच राहतो आणि एबी फॉर्म आदल्या रात्री पक्षात आलेल्याला मिळतो," वकीलसाहेब म्हणाले. "त्यापेक्षा कागद वाचायला शीक. महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 कागदपत्रं बघता येतात. तुझ्या गल्लीतलं एकच काम धर. त्याचं पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), कार्यादेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तक आणि बिल माग. मग टेप घेऊन फुटपाथ मोज. जे दाखवणार नाहीत त्याला माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकच विषय, दीडशे शब्दांत. 'पाच वर्षांतल्या सर्व कामांची सर्व माहिती द्या' असं लिहिलंस की अर्ज गेला खड्ड्यात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील."

"अर्जदाराला साहेब ओळखतात, मतदार नाही," शिल्पा म्हणाली. ती इतका वेळ गप्प होती, आणि खरं सांगायचं तर मुद्द्याचं तीच बोलली.

"तुझ्या यादीभागाची, म्हणजे तुझ्या मतदान केंद्रापुरती, विधानसभेची मतदार यादी उतरवून घे, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. साधारण हजार-बाराशे नावं असतील. प्रिंट काढून दारोदार फिर. मयत, लग्न होऊन गेलेल्या, फ्लॅट विकून गेलेले, दुबार, प्रत्येकापुढे वेगळी खूण. नवीन नावाला नमुना 6, वगळायला 7, पत्ताबदल किंवा दुरुस्तीला 8. फॉर्म ज्याचे त्यानं भरायचे. तू गठ्ठा घेऊन गेलास तर घेणार नाहीत."

"हे बीएलओचं, मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाचं काम आहे," ओंकार म्हणाला.

"त्याचंच आहे. पण फटका तुला बसतो. महापालिकेची वेगळी यादी नसते, विधानसभेचीच फोडून प्रभागांत वाटतात. 15 जानेवारी 2026च्या मतदानाला 1 जुलै 2025ची यादी धरली होती. दिवाळीत नमुना 6 भरलेला माणूस मतदार झाला, पण या मतदानापुरता बाहेरच राहिला. प्रारूप यादीवर हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्यात प्रभाग चुकला असेल किंवा विधानसभेच्या यादीतलं नाव इथं गळलं असेल, तरच दुरुस्ती. नवीन नाव घुसत नाही. सोसायटीच्या दोन विंग नाल्यापलीकडच्या प्रभागात गेल्या, हे त्या मोजक्या दिवसांत कुणाला कळणार? ज्याच्याकडे खुणा केलेली यादी तयार आहे त्याला."

"अगं, आमचे बूथप्रमुख दुसरं काय करतात?" बापू.

"बऱ्याच ठिकाणी नुसते फोटोत उभे राहतात, बापू. जो खरंच यादी करतो त्याला तिकीट वाटताना विचारावं लागतं."

ओंकारचा पुढचा प्रश्न रास्त होता: नुसती यादी घेऊन दारात गेलो तर लोक विचारतील, आमच्या कामाचं काय? त्यावर वकिलांनी नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकाचा रस्ता दाखवला. पुण्यात हे 2006पासून चालू आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाला पाच लाखांपर्यंत. 'रस्ता सुधारा' लिहिलेला अर्ज बाद होतो. अमुक दुकानापासून तमुक खांबापर्यंत इतके मीटर फुटपाथ, सोबत फोटो, असं लिहायचं. जागा महापालिकेचीच हवी, सोसायटीच्या आतलं काम चालत नाही. अंदाजपत्रकात नाव छापून आलं म्हणजे काम झालं असंही नाही. वर्षाच्या मध्यात वर्गीकरण होतं आणि तो निधी दुसरीकडेच वळतो. म्हणून 1 एप्रिलनंतर निविदा निघाली का, हे दर महिन्याला विचारत राहायचं. माननीयांची, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची 'स' यादी वेगळी. तिच्यातून काम करून घ्यायचं तर त्यांच्याच दारात जावं लागतं.

"आणि उभाच राहिलास तर," वकील म्हणाले, "अनामत पाच हजार, खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत. हरलेले तो देत नाहीत आणि तीन वर्षं अपात्र ठरतात."

बापूंनी शेवटचा पत्ता टाकला. "उभा कुठं राहणार? चारपैकी दोन जागा महिलांच्या. उरलेल्या दोनमधली एक सोडतीत राखीव निघाली तर याला एकच राहते, आणि तिथं माननीय आधीच ठाण मांडून बसलेत."

"मग खुणा केलेली यादी मला दे, ओंक्या," शिल्पा म्हणाली. "मला दोन जागा मोकळ्या आहेत."